दातांचा कप्पा: विकणारीचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या बाजारपेठेत आमचं मेडिकल आहे. डी. फार्म. झाल्यावर सासऱ्यांच्या दुकानात बसायला लागले, ती आजही बसते. मागच्या रॅकवरच्या औषधांना गिऱ्हाइकाचा हात लागत नाही. पण काउंटरच्या डाव्या बाजूला, बाम आणि ग्राइप वॉटरच्या खाली, एक कप्पा आहे. तिथे लोक स्वतः उचकतात: ब्रश, पेस्टी, मंजनं, लाल-निळ्या गुळण्यांच्या बाटल्या, लवंगेचं तेल. हा अभिप्राय त्या कप्प्याचा आहे. घरात आम्ही वापरतो ते त्यातलंच, आणि कोण काय नेतो, परत येऊन काय सांगतो, हेही रोज कानावर पडतं. कंपन्यांची नावं फारशी घेणार नाही. एक तर उद्या एजन्सीवाला दारात उभा राहील. दुसरं म्हणजे डब्यावरचं नाव बदललं तरी आतला माल पुष्कळदा तोच असतो.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकते. आमच्या दुकानात पैसे सुटतात ते महागड्या पेस्टींवर आणि माउथवॉशवर. ज्या वस्तूंनी दात टिकतात त्या स्वस्त आहेत आणि त्यांच्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

उदाहरणार्थ ब्रश. "ताई, कडक द्या. नरमनं काही निघत नाही." पन्नाशीपुढची माणसं तर अंगठ्यानं केस दाबून पाहतात, आणि टोचले की समाधानानं पैसे काढतात. दातावरून काढायचा असतो तो मऊ, चिकट थर: जिवाणू आणि त्यांनी केलेला चिकटा. त्याला ताकद लागत नाही, वेळ लागतो. कडक ब्रश आडवा रगडला की हिरडीच्या काठाशी थर तसाच राहतो, हिरडी मात्र दातावरून मागे सरकते. तिथे उघड्या पडलेल्या दाताच्या मानेवर पाचरीच्या आकाराची खाच पडते. सुळ्याशेजारच्या दाताच्या बुडाशी नख फिरवून पाहा, अडकलं तर समजा. त्या खाचेत थंड पाणी लागलं की कळ जाते, आणि मग तेच गिऱ्हाईक झिणझिण्यांची पेस्ट मागायला येतं. वीस रुपयांचा कडक ब्रश दोनशे रुपयांच्या पेस्टीचं गिऱ्हाईक तयार करतो.

म्हणून घ्यायचा तो 'सॉफ्ट' लिहिलेला आणि डोकं लहान असलेला. मोठ्या डोक्याचा ब्रश जाहिरातीत छान दिसतो, पण शेवटच्या दाढेमागे पोचत नाही, आणि कीड तर तिथेच धरते. केस नागमोडी, तिरपे, दोन रंगांचे, मागे रबरी खरखरीत पट्टी, या सगळ्याला माझ्या मते पैसे देऊ नयेत. केसांची टोकं हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरपी टेकवायची, जागच्या जागी थोडं हलवायचं आणि पुढच्या दातावर जायचं. सगळं तोंड व्हायला दोन मिनिटं लागतात. बेसिनपाशी मोबाइल ठेवून एकदा वेळ लावून पाहा. बहुतेकांचं अर्ध्या मिनिटात उरकतं. केस फाकले की ब्रश टाकायचा, नाही फाकले तरी तीन-चार महिन्यांनी टाकायचा. ब्रशसोबत फुकट मिळणारी टोपी प्रवासापुरती ठीक. घरात ती घालून ठेवली की ब्रश वाळत नाही.

बॅटरीवरचा ब्रश आमच्याकडे सासऱ्यांसाठी आहे. त्यांचा हात थरथरतो, साध्या ब्रशनं त्यांना दोन मिनिटं हात फिरवणं होत नाही. त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. धडधाकट माणसानं हौस असेल तर घ्यावा, अन्यथा साधा ब्रश नीट फिरवला तर पुरतो.

आता पेस्ट. कप्प्यातली निम्म्याहून अधिक जागा हिनंच अडवली आहे, आणि वाद सगळे हिच्यावरूनच. एक गैरसमज आधी मिटवते, कारण व्हॉट्सॲपवर तो दर पावसाळ्यात नव्यानं उगवतो. ट्यूबच्या बुडाशी जी रंगीत चौकोनी पट्टी असते, तिचा हिरवा म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे केमिकल असा काही अर्थ नाही. ट्यूब कापणाऱ्या आणि चिकटवणाऱ्या यंत्राला कुठे थांबायचं ते कळावं म्हणून छापलेली ती खूण असते. तरीही लोक ट्यूब उलटी करून हिरवी पट्टी शोधतात, आणि त्याच ट्यूबवर शेजारी लिहिलेलं खरं कामाचं वाक्य वाचत नाहीत.

ते वाक्य फ्लोराइडचं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पेस्टीत फ्लोराइड असेल तर ते 1000 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा, जास्त चालत नाही, आणि किती आहे ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापावं लागतं. कीड रोखायला उपयोगी पडणारं प्रमाणही साधारण तिथूनच सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. खाल्लेल्या साखरेवर तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात, त्या आम्लानं दाताच्या वरच्या थरातले क्षार निघून जातात, आणि लाळेतले क्षार परत बसायला फ्लोराइड मदत करतं. म्हणून मी पेस्ट घेताना आकडा पाहते. 1000 च्या आसपास आकडा असलेली सगळ्यात स्वस्त साधी पेस्ट आणि त्याच आकड्याची तिप्पट किमतीची पेस्ट यांत कीड रोखण्यापुरता मला फरक दिसलेला नाही. घरात आम्ही स्वस्तातलीच मोठी ट्यूब वापरतो.

आयुर्वेदिक पेस्टी आणि मंजनं मी विकते आणि त्यांना नावं ठेवत नाही. परळमध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 मध्ये सुरू केलेल्या विकोचं वज्रदंती मंजन माझी आई वर्षानुवर्षं वापरत आली, त्या चवीशिवाय तिची सकाळ होत नाही. तोंडाला बरं वाटतं, आणि घासण्याची सवय टिकते हे काही कमी नाही. पण वनौषधीच्या बऱ्याच पेस्टींत फ्लोराइड नसतं. ज्यांना सारखी कीड लागते, ज्यांच्या घरात बिस्किटं आणि गोड चहा दिवसभर चालू असतो, त्यांनी रात्रीची तरी पेस्ट फ्लोराइडची ठेवावी, असं मी स्पष्ट सांगते. लाल मंजनात गेरू असतो, काही काळ्या मंजनांत कोळशाची पूड. बोटानं हलकं चोळलं तर ठीक. ब्रशवर घेऊन रगडलं तर दाताचा चकाकता थरच घासला जातो. राखुंडीचं तेच, आणि सध्या महागड्या डबीत येणाऱ्या ॲक्टिवेटेड चारकोलचंही तेच. डबी इंग्रजीत असली की राखुंडीला तीनशे रुपये येतात, एवढाच काय तो फरक.

पेस्ट किती घ्यावी? जाहिरातीत ब्रशभर नागमोडी लादी असते. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पुरते. आणि घासून झाल्यावर थुंकायचं, पण पेलाभर पाण्यानं खळखळून सगळं धुऊन टाकायचं नाही. फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहिलं तरच त्याचं काम होतं. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघतं.

फ्लोराइडचा विषय आमच्या भागात एवढ्यावर सुटत नाही. यवतमाळ जिल्ह्यात आणि शेजारच्या चंद्रपुरात कितीतरी गावांच्या जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. खेड्यावरची बाई बाजाराच्या दिवशी दहा-अकरा वर्षांच्या पोरीला घेऊन येते, पोरीला तोंड उघडायला लावते आणि म्हणते, "इचे दात पाहा ना ताई, रोज घासते तरी पिवळेच. येखादी चांगली पांढरे करायची पेस्ट द्या." दात पाहिले की कळतं. खडूसारखे पांढुरके पट्टे, त्यात तपकिरी डाग, आणि दोन्हीकडच्या दातांवर सारखेच. हा मळ नव्हे. दात हिरडीखाली जबड्यात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की वरचा थरच असा बनतो. पेस्टीनं, मिठानं, लिंबानं, सोड्यानं तो डाग जात नाही. लिंबानं उलट दात झिजतो. दातांचे डॉक्टर डाग फिके करू शकतात किंवा वरून लेप बसवू शकतात, पण तो पुढचा प्रश्न. अशा वेळी पांढरे करणारी दोनशे रुपयांची पेस्ट माझ्या हातून जात नाही. मी विचारते, पाणी कुठलं पिता? घरात पाळण्यातलं आणखी कोणी आहे का?

कारण धाकट्याचे दात अजून वाचवता येतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. हापशीच्या पाण्याची तपासणी करून घेता येते, ग्रामपंचायतीत विचारावं. पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे थोडं वाढतंच. साध्या कँडल फिल्टरनंही ते निघत नाही. आरओनं निघतं. तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच शोधली, पण ती मापानं करायची गोष्ट आहे, अंदाजानं तुरटी फिरवून होत नाही. साठवलेलं पावसाचं पाणी किंवा नदीवरच्या योजनेचं नळाचं पाणी मिळत असेल तर पिण्याला आणि स्वयंपाकाला तेवढं वापरणं सगळ्यात सोपं.

यावर हुशार माणूस हटकून विचारतो, "मंग ताई, पाण्यातलं फ्लोराइड वाईट अन् पेस्टीतलं चांगलं, हे कसं?" प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर हिशेबात आहे. 1000 पीपीएमच्या एक ग्रॅम पेस्टीत 1 मिलिग्रॅम फ्लोराइड. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास, त्यातली बहुतेक आपण थुंकतो. उलट लिटरला 3 मिलिग्रॅमवालं पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलं, की 6 मिलिग्रॅम थेट पोटात. आमच्या उन्हाळ्यात दोन लिटरवर कोण थांबतं? म्हणून बदलायचं ते पाणी. पेस्ट मोठ्यांनी चालू ठेवायची, आणि लहान मुलांना मोजून द्यायची: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, तीही मोठ्या माणसानं आपल्या हातानं लावलेली.

म्हणूनच मुलांच्या स्ट्रॉबेरी पेस्टीला माझा अर्धाच होकार. ब्रश तोंडात घेऊ न देणाऱ्या पोराला तिनं गोडी लागते हे खरं. पण ती इतकी चविष्ट असते की पोरं चाटूनच खातात. विकत घेतली तर ट्यूब उंच फळीवर ठेवा. आणि कार्टूनच्या डब्यावर भुलण्याआधी आकडा इथेही पाहा. काहींत फ्लोराइड अगदी कमी असतं, काहींत नसतंच. मुलांच्या दातांचं जास्त नुकसान मला माझ्याच मागच्या रॅकवरून होताना दिसतं. खोकल्याची, तापाची, टॉनिकची सिरपं गोड असतात. रात्री झोपेत पाजलं आणि पोर तसंच झोपलं, की झोपेत लाळ कमी सुटते आणि साखर पुढच्या दातांवर तशीच राहते. दुधाच्या बाटलीचंही हेच. चमचाभर पाणी पाजा, ओल्या फडक्यानं दात पुसा. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून ते किडू देणारे पालक मला कळत नाहीत. किडलेली दुधाची दाढही रात्रभर ठणकतेच.

कप्प्यातली सगळ्यात जुनी वस्तू लवंगेचं तेल. ते खरंच काम करतं. त्यातल्या युजेनॉलनं तेवढी जागा बधिर होते. कापसाच्या लहानशा बोळ्याला एक थेंब लावून तो किडलेल्या खड्ड्यात टेकवायचा. हिरडीवर, जिभेवर सांडू द्यायचं नाही, भाजतं. लहानशी बाटली घरात असावी, रात्र काढता येते. पण एका रात्रीसाठी. काही लोक डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवतात, ते बिलकूल करू नका. हिरडी पांढरी पडून सोलून निघालेली मी पाहिली आहे. गोळी पोटात गेल्यावरच काम करते.

आणि मग ते वाक्य: "दाढ लय दुखून राहिली ताई, येखादी कडक गोळी द्या, संग अँटिबायोटिकबी." कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली की गोळीनं ती कीड मागे फिरत नाही. ठणका दोन दिवस थांबतो, माणूस खूश होतो आणि दवाखाना टळतो. नस मेली की दुखणं आपोआप थांबतं आणि माणूस आणखीच खूश होतो. आत मात्र पू धरायला लागलेला असतो. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मी देत नाही, याबद्दल गावात माझी ख्याती चांगली नाही. शेजारची काही दुकानं देतात. गाल सुजला असेल, ताप असेल, गिळायला त्रास होत असेल तर गोळी मागतच बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पैशांची अडचण असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेलाही दंत महाविद्यालय आहे. गर्दी असते, दिवस जातो, पण काम होतं. कीड लहान असताना भरून घेतली तर खर्च शेकड्यांत राहतो. नसेला भिडू दिली तर रूट कॅनाल आणि कॅप मिळून हजारांत जातो. दात न दुखताच दाखवायला जाणारं गिऱ्हाईक मला सहसा भेटत नाही.

गुळण्यांच्या बाटल्या दोन जातींच्या आहेत आणि दोन्ही एकाच फळीवर राहतात, इथेच घोळ होतो. निळ्या-हिरव्या, मिंटच्या वासाच्या बाटल्या कॉस्मेटिक. लग्नाला जायचं असेल तर घ्या, रोज लागत नाहीत. दुसरी क्लोरहेक्सिडिनची. ते औषध आहे. हिरडीचं ऑपरेशन झालं, दाढ काढली, ब्रश लावताच येत नाही, अशा वेळी डॉक्टर ते लिहून देतात: बहुधा 0.2 टक्क्यांचं, 10 मिलिलिटर, मिनिटभर, दोन वेळा, आठवडा-दोन आठवडे. फार चांगलं औषध. पण बरं वाटतं म्हणून लोक तीच बाटली महिनोन्‌महिने चालू ठेवतात आणि मग दात तपकिरी पडले, भाजीला चव लागत नाही, म्हणून भांडायला येतात. त्या औषधाचा गुणच तो आहे. पेस्टीनंतर लगेच गुळणी केली तर पेस्टीतल्या फेसामुळे तिचा जोर कमी होतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा. घसा-हिरडी नुसती चुरचुरत असेल तर कोमट पाण्यात मीठ घाला, माझ्याकडे येऊ नका.

झिणझिण्यांच्या पेस्टीबद्दल वर ओझरतं आलं. बहुतेकींत पोटॅशियम नायट्रेट असतं, ते दाताच्या नसेला शांत करतं. दोन-चार आठवडे रोज लावली तर गुण येतो. लोक चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून ट्यूब बदलतात आणि माझा गल्ला भरतात. एकाच दाताला गरम लागल्यावर कळ येऊन ती मिनिटभर रेंगाळत असेल, तर तिथे पेस्टीचं काम संपलं, तो दात दाखवायचा.

आता माझी आवडती वस्तू. कप्प्याच्या कोपऱ्यात दातांच्या फटीत घालायचे छोटे ब्रश आहेत, बाटली घासायच्या ब्रशचं नखाएवढं पिल्लू. डब्यावर इंटरडेंटल ब्रश लिहिलेलं असतं. पूर्वी वणीत कोणी ठेवत नव्हतं. माझ्या खालच्या पुढच्या दातांमागे कीटण, म्हणजे कडक झालेला थर, साठायचं, हिरडीतून रक्त यायचं. डॉक्टरांनी दात साफ करून दिले आणि हा ब्रश लिहून दिला. इथे मिळेना, नागपूरहून मागवला. साध्या ब्रशचे केस दोन दातांच्या मधल्या जागेत पोचतच नाहीत, आणि हिरडीचा आजार सुरू होतो तो तिथूनच. फट बारीक असेल तर दोरा, म्हणजे फ्लॉस, बरा. चाळिशीनंतर हिरड्या मागे सरकल्या की फटी पडतात, तिथे दोऱ्यापेक्षा हा ब्रश चांगला आणि सोपा. माप महत्त्वाचं. तार फटीत बळानं घुसवायची नाही, केस मात्र दोन्ही बाजूंना टेकले पाहिजेत. रंग कंपनीगणिक बदलतात म्हणून रंग विसरा, मिलिमीटर पाहा. पहिल्यांदा घेताना मिश्र मापांचं पाकीट घ्या. आतबाहेर दोन-तीनदा, धुतला, वाळवला, आठवडाभर तरी चालतो. तार वाकून तुटते हा दोष आहे. दाढांपर्यंत न्यायला वाकडी दांडी लागते, तो दुसरा. पाकिटाला दीड-दोनशे पडतात हा तिसरा, आणि आमच्या गिऱ्हाइकांसाठी तोच मोठा.

पहिल्या दिवशी रक्त येतं आणि लोक घाबरून बंद करतात. रक्त येतं ते हिरडी सुजलेली आहे म्हणून. हलक्या हातानं रोज साफ केलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं. तरी नाही थांबलं तर कीटण आत बसलेलं असतं. ते माठाला धरलेल्या क्षारासारखं घट्ट असतं, कुठल्याच ब्रशनं निघत नाही, डॉक्टरांकडून काढून घ्यावं लागतं. "दात साफ केले की हलतात, फटी पडतात," हे मला बापे सांगतात, बायाही सांगतात. फटी आधीपासून होत्या, कीटणानं बुजल्या होत्या. हलतात ते कीटणाखाली हाड झिजलं म्हणून.

हिरड्यांबाबत दुकानात बसून कळणाऱ्या दोन गोष्टी सांगते. शुगरवाल्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की शुगरही नीट आवरत नाही. दुसरी, बीपीच्या अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी आणि फिटच्या फेनिटोइननं काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना तोंड उघडून दाखवायचं, ते गोळी बदलून देऊ शकतात.

जीभ साफ करायची पट्टी स्टीलची घ्या, जन्मभर चालते. कवळी साफ करायच्या गोळ्या महाग आहेत. मऊ ब्रश आणि भांड्याचा सौम्य साबण पुरतो, गरम पाणी मात्र नको, कवळी वाकडी होते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची.

कप्प्यात नसलेल्या एका वस्तूबद्दल लिहिल्याशिवाय आमच्याकडच्या दातांचा अभिप्राय पुरा होत नाही. खर्रा. दुकानासमोरच पानठेला आहे. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटण्याचा आवाज सकाळी शटर उघडल्यापासून सुरू होतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, खर्रा मात्र पन्नीत घोटून मिळतो. बायकांमध्ये नस (तंबाखूची पूड) आणि गुडाखू (तंबाखू-गुळाचा लगदा), दात घासायच्या निमित्तानं. तंबाखू घातलेली पेस्ट किंवा मंजन विकायला देशात 1992 पासून बंदी आहे, पण तंबाखू म्हणूनच विकलेली गोष्ट दातावर चोळायला कोण अडवणार? या मंडळींना मी कुठलीही पेस्ट सुचवत नाही. मी म्हणते, तोंड उघडा आणि तीन बोटं उभी घालून पाहा. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटं वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये जातात. खर्रा खाणाऱ्या पंचवीस-तिशीतल्या पोरांची दोनच जातात, काहींचं एकावर अडतं. "तिखट लागलं की आग होते" असं ते वर सांगतात, आणि तोंड आलं म्हणून बी-कॉम्प्लेक्स मागतात. गालाचं आतलं कातडं दोरीसारखं ताठ होत चाललेलं असतं. ते बी-कॉम्प्लेक्सनं सुटत नाही, आणि पुढे तिथेच कॅन्सरचा धोका असतो. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, अडकणारं तोंड, यांसाठी थेट दवाखाना.

सोडायचं असेल तर 1800-11-2356 हा सरकारी फुकट फोन आहे, मराठीतही बोलतात. माझ्याकडे निकोटिनचा गम मिळतो, तो काउंटरवरच ठेवते. खर्ऱ्यासारखा सतत चावला तर मळमळतं, उचकी लागते. थोडा चावायचा, जिभेला झणका लागला की गालात दाबून ठेवायचा, झणका गेला की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. तोवर चहा-कॉफी नाही. 2 मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय देते, 4 ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.